दोन चमचे औषध

हे लिहू का, असे मी थोरल्या नातीला आधी विचारले. ती म्हणाली, "लिही. पण माझं वय नीट लिही. मी तेव्हा साडेअकराची होते, अकराची नाही." ही दुरुस्ती सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. धाकट्याला विचारलेले नाही. तो मोठा झाला की वाचेल, आणि तेव्हा त्याला आजीबद्दल जे वाटेल ते मला मान्य असेल.

तुम्ही दोघे दर रविवारी मला फोनच्या पडद्यावर पाहता. तुमच्याकडे सकाळ असते, इथे बारामतीत माझे रात्रीचे जेवण नुकतेच झालेले असते. माझ्या हाताशी एक निळी डायरी असते, तीही तुम्ही पाहिली आहे. धाकटा तिला "आजीचं होमवर्क" म्हणतो. शाळेत इंग्रजी शिकवले, शेवटची सात वर्षे मुख्याध्यापिका होते. दिवसाची नोंद झाल्याशिवाय दिवस संपला असे मला तेव्हापासून वाटत नाही. रक्तदाब किती, दूधवाला आला की नाही, कुणाचा फोन आला, किती मिनिटे बोलणे झाले, असे सगळे त्यात असते. या डायरीत सलग तीन वर्षे रोज एक ओळ आहे: "औषध – २ चमचे." त्या ओळीबद्दल मला सांगायचे आहे.

तुमचे आजोबा गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला खोकला झाला आणि तो जाईना. माझ्या माहेरी, निरवांगीला, थंडीच्या खोकल्यावर कोमट पाण्यातून दोन चमचे ब्रँडी देत. लहानपणी मलाही दिली होती. माझ्या भावाच्या बायकोने, वहिनीने, ते लक्षात ठेवून एक बाटली पाठवली. माझा भाचा दर आठवड्याला डाळिंबे घेऊन बारामतीच्या बाजारात येतो आणि जाताना माझ्याकडे भाजीपाला टाकून जातो. मेथीच्या जुडीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती बाटली होती. निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी बाटली यायची तर ती अशीच येणार.

खोकला पंधरा दिवसांत गेला. बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक होती.

आजोबा साखर कारखान्यातून सातला परत यायचे. निवृत्त झाल्यावरही ते रोज सायंकाळी फिरायला जात आणि बरोबर सातला येत. सातला फाटकाची कडी वाजायची. ते गेल्यावर सात वाजत, पण कडी वाजत नसे. दिवसभर मला काही वाटत नसे. पुस्तके असत, शेजारच्या मुलींचे इंग्रजी असे, बागेतली कामे असत. सात ते आठ हा एक तास मात्र मला कुठे ठेवावा ते कळत नसे. त्या तासात मी औषध घेऊ लागले. खोकला नव्हता, पण औषध होते. बाटली संपली की भाचा मेथीखालून दुसरी आणून देई.

पहिला चमचा चहाचा होता. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा तो सापडला नाही म्हणून जेवणाचा चमचा घेतला. नंतर चहाचा चमचा सापडला, पण मी त्याच्याकडे परत गेले नाही. आमटीची पळी कधी आली, ते डायरीत नाही. मला एवढेच आठवते की चमच्याने दोनदा ओतताना थेंब ओट्यावर सांडले, आणि पळी जवळच टांगलेली होती. पळीने सांडत नाही. रात्री डायरीत मी लिहिले, "औषध – २ चमचे." दुसऱ्या दिवशीही तेच लिहिले. मुलींच्या वहीत मी एक स्पेलिंग चुकलेले सोडले नाही, आणि माझ्या वहीत ही ओळ रोज, सुवाच्य अक्षरात, जशीच्या तशी.

आता तो रविवार.

थोरले, त्या रविवारी तू फोन घेऊन तुझ्या खोलीत गेलीस, दार लावलेस आणि मला काहीतरी सांगितलेस. त्यानंतरच्या बुधवारी तुमच्या आईने मधेच फोन केला. तू स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी होतीस. मी नेहमीसारखी चौकशी केली. "काय गं, तुझी ती मैत्रीण कशी आहे? अजून रोज एकत्र डबा खाता ना?"

तू माझ्याकडे पाहिलेस. मग आईकडे पाहिलेस. "हो," म्हणालीस, आणि पडद्यावरून बाजूला झालीस.

मला काहीच कळले नाही. दुसऱ्या दिवशी रक्तदाबाचा जुना आकडा शोधायला डायरीची मागची पाने चाळत होते. रविवारच्या पानावर "नातीचा फोन, ४३ मिनिटे" असे होते आणि त्याखाली, ओळ सोडून खाली घसरलेल्या अक्षरात, लिहिले होते: "मैत्रीण दुसऱ्या मुलींबरोबर बसते. ही एकटी डबा खाते. आईला सांगू नको म्हणाली. वचन दिले."

अक्षर माझेच होते. त्रेचाळीस मिनिटांतले मला एक मिनिटही आठवत नव्हते.

मी ते पान किती वेळ धरून बसले होते, कोण जाणे. डोके फार सावकाश चालत होते. हिने मला सांगितले. मी वचन दिले. आणि मी तिच्या आईच्या समोर तेच विचारले, आणि माझ्यामुळे तिला खोटे बोलावे लागले.

पुढच्या रविवारी तू म्हणालीस, "सगळं ठीक." त्याच्या पुढच्या रविवारी म्हणालीस, "छान चाललंय, हा घे धाकटा." धाकट्याने मला त्याचा पडलेला दात दाखवला, आणि तू मागून पाण्याची बाटली भरून निघून गेलीस. तुझी पाठ दिसली. मी इतकी वर्षे मुलींमध्ये काढली आहेत. साडेअकराव्या वर्षी मुलगी ज्या माणसाला सांगायचे थांबते, त्याच्याकडे ती सोळाव्या वर्षी येत नाही, हे मला माहीत आहे. मी तुमच्यापासून इतकी लांब आहे की तुमचे केस विंचरता येत नाहीत, ताप आला तर कपाळावर हात ठेवता येत नाही. मला फक्त ऐकता येते. तेवढेच माझ्याकडे होते, आणि ते मी घालवत होते.

तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मी पळी घेतली. हेही लिहायला हवे.

माझ्याकडे कामाला येणारी बाई तुम्हाला आठवत असेल. धाकट्याला कडेवर घेऊन तिने माकडे दाखवली होती. तिचे माहेर कऱ्हाटी, सासर आता एमआयडीसीच्या बाजूला; नवरा तिथल्याच एका दूध प्रक्रियेच्या कारखान्यात आहे. त्याच आठवड्यात एका सकाळी ती भांडी घासता घासता थांबली.

"आज्जी, एक इचारू का? रागवू नका."

"विचार."

"तुमी रातच्याला दूध-भाकरी खाता. आमटी तर दुपारीच संपती. मग ही पळी रोज सकाळी मोरीत कशी येती?"

"औषध घेते मी तिनं."

तिने पळी नाकाशी नेली. "ह्या औषधाचा वास मला झोपंत बी कळतो. अठरा वर्सं त्या वासाच्या शेजारी झोपलेय मी."

मी चिडले. "तू तुझं काम कर," असे म्हणाले, तेही वर्गात बोलावे तसे. तिने काम केले. भांडी पालथी घातली, पदराला हात पुसले आणि दारात वळून म्हणाली, "उद्या मी येणार हाय. तुमी काय बी बोला."

त्यानंतर दोनच दिवसांनी वहिनीचा फोन. ती फोनवर नेहमीच शिवार ओलांडून ऐकू जाईल अशा आवाजात बोलते.

"वन्सं, खोकला कसा हाय?"

"बरा आहे."

"बरा कसा आसंल? तीन वर्सं झाली त्याला. आन बाटली आता आठवड्याला एक लागतीय. एवढ्या ब्रँडीत आमच्या गोठ्यातल्या समद्या म्हशींचा खोकला गेला आसता!"

मग तिकडून थोड्या खालच्या आवाजात आले, "वन्सं, पयली बाटली मी धाडली. माझ्याच हातनं झालं ह्ये."

"तुझ्या हातून नाही गं."

"मग कुणाच्या?"

मी फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. माझी डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी. आठवीत तिचे स्पेलिंग भयंकर होते. आता ती मला गोळ्या देते आणि मी मुकाट्याने घेते. तिने रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले, आणि विचारले, "मॅडम, रोज किती घेता?"

"दोन चमचे."

"कोणता चमचा?"

इतक्या वर्षांत कुठल्याही परीक्षकाने मला इतका साधा आणि इतका अचूक प्रश्न विचारलेला नाही. मी पर्सची चेन उघडली आणि लावली. मग खणातून खोकल्याच्या औषधाबरोबर येते तसले एक प्लॅस्टिकचे माप काढून तिने माझ्यापुढे ठेवले. त्याला तीस मिलिलिटरपर्यंत रेघा होत्या. "घरी जाऊन पाणी घ्या आणि मोजा. मला आकडा सांगा. आणि मॅडम, एकदम बंद करायचं नाही. रोजची सवय आहे, शरीर झटका देईल. दर आठवड्याला थोडं थोडं उतरायचं. घाम फुटला, हात फार कापले, तर फोन न करता सरळ या."

घरी मी पळी पाण्याने भरली आणि मापात ओतली. बाई शेजारी उभी राहून मोजत होती. एका पळीत दोन मापे. दोन पळ्यांत चार, म्हणजे एकशेवीस मिलिलिटर.

"आज्जी," ती म्हणाली, "माझा मालक बी एवढीच प्यायचा."

हे ऐकून मी माप खाली ठेवले. कारण तिच्या नवऱ्याला मी तीन वर्षांपूर्वी याच घराच्या फाटकात उभे केले होते. तो तिला न्यायला मोटरसायकलवरून आला होता आणि त्याच्या तोंडाला वास येत होता. मी त्याला म्हणाले होते, "लाज वाटत नाही का? बायको दहा घरची भांडी घासते आणि तू?" त्याने मान खाली घातली होती. मला तेव्हा फार चांगले काम केल्यासारखे वाटले होते. त्या दिवशीच्या पानावर तशी नोंदही आहे. त्याच्याच खालची ओळ, "औषध – २ चमचे."

दुसऱ्या दिवसापासून बाई संध्याकाळीही येऊ लागली. भाकरी टाकायचे निमित्त. सातला फाटकाची कडी वाजली आणि मी दचकले. ती आत आली, भाकरी टाकल्या आणि म्हणाली, "चपला घाला. भाईर जायाचं."

"कुठं?"

"कुठं बी. हा तास घरात काढायचा न्हाय. आमच्या मालकानं सांगितलंय."

मालक फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसलेला होता, शिफ्ट संपवून आलेला. मला पाहून उतरला. मी काय बोलावे याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "आज्जी, त्या दिवशी तुमी मला काय बोलला व्हता, आठवतंय का?"

"आठवतंय."

"लाज वाटत व्हती वो मला. लाज वाटायची म्हणूनच तर अजून प्यायचो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी म्हणाले, "मी चुकले."

"चुकला न्हाय. पण त्यानं कमी झाली न्हाय, एवढंच सांगतो. कमी झाली ती हिच्यामुळं." त्याने बायकोकडे मान उडवली. "ही रोज सातला मला कारखान्याच्या गेटवर न्यायला यायची. चालत! पोरं हसायची. म्हणायची, आला बग, तुझा पोलीस आला."

"मग काय करू," बाई म्हणाली, "तुमी वाटंतच थांबायचा."

आम्ही दोघी चालू लागलो. रस्त्यावरचे दिवे आमच्या बाजूला कधी असतात, कधी नसतात, म्हणून तो मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून आमच्या मागे मागे, दिवा लावून येत राहिला. आमच्या दोघींच्या लांबच लांब सावल्या पुढे चालल्या होत्या. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त तहसीलदार फाटकात उभे होते. ते म्हणाले, "काय मॅडम, मिरवणूक कसली?" मी म्हणाले, "औषधाची." त्यांना वाटले, साखरेसाठी चालते. मी तसेच वाटू दिले.

रोज सकाळी मी डॉक्टरला आदल्या दिवशीचा मिलिलिटरचा आकडा मोबाईलवर पाठवायचा, असे ठरले होते. मी "१०५" असे पाठवले. उत्तर आले, "उत्तम. प्रगती आहे." शंभरच्या खाली गेले तेव्हा आले, "छान. असाच प्रयत्न ठेवा." मला हसू आले. हे माझेच शेरे, तिच्या आठवीच्या वहीतले.

बाटलीचे खाते वहिनीने स्वतःकडे घेतले. भाच्याला तिने सांगितले, "तू आणायची न्हाय, तुझ्या आत्याची बाटली मी नेणार." दर आठवड्याला ही सत्तरीची बाई निरवांगीहून एसटीने यायची. पिशवीत वर डाळिंबे, खाली टॉवेलात बाटली. पहिल्या खेपेला घरात आल्या आल्या ती घटाघटा पाणी प्यायली.

"वन्सं, आज मेले आसते! यष्टीनं आसा दणका दिला की पिशवीत टिंग वाजलं. शेजारची म्हणली, काय हाय वो? म्हणलं, तेल हाय, आवळ्याचं. तिला वास घ्यायचा व्हता!"

आम्ही दोघी हसलो. आजोबा गेल्यानंतर त्या स्वयंपाकघरात इतके मोठ्याने कुणी हसले नव्हते. खेपेगणिक बाटली लहान होत गेली. एकदा पिशवीतून हातात मावेल एवढीशी काढून तिने अभिमानाने ओट्यावर ठेवली. "ह्या येळंला क्वार्टरच आणलीय." तिने तो शब्द कुठून उचलला, देव जाणे. मग जमिनीवर पाय पसरून डाळिंब सोलायला बसली आणि म्हणाली, "आमी बागंला ताण देताना बी पाणी येकदम तोडत न्हाय. आदी कमी, मग आजून कमी." मी म्हणाले, माझी तुलना झाडाशी करू नकोस. ती म्हणाली, "झाड निदान तक्रार तरी करत न्हाय."

हे सगळे सरळ रेषेत झाले असे समजू नका.

साठवर आले होते. त्या रविवारी मी सकाळपासून ठरवले होते की थोरलीशी नीट बोलायचे. फोन लागला, ती दोन मिनिटे आली, "आजी, मला प्रोजेक्ट आहे," म्हणाली आणि गेली. फोन ठेवला. त्या दिवशी बाईने सुट्टी घेतली होती, कऱ्हाटीला तिच्या भावाकडे काही होते. फिरायला मी एकटी गेले नव्हते. मी माप कपाटात ठेवले आणि पळी काढली.

सकाळी डॉक्टरला आकडा पाठवला: "६०." उत्तर आले, "शाब्बास."

बाई आली. मोरीत पळी होती. तिने ती घासली, विसळली, पुसली. माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "आज्जी, ही पळी मी घरी न्यू का? माझ्याकडं चांगली पळी न्हाय."

तिच्याकडे पळी आहे हे मला माहीत होते. तिच्या घरी दोनदा जेवले आहे. "ने," मी म्हणाले. तिने ती पदरात गुंडाळून नेली, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत या घरात आमटी चमच्याने वाढली जाते. पाहुणे आले की फार वेळ लागतो.

ती गेल्यावर मी डॉक्टरला परत लिहिले, "कालचा आकडा चुकीचा आहे. बरोबर आकडा १२०." बराच वेळ काही आले नाही. रुग्ण असतील. मग आले, "मॅडम, शाब्बास आत्ता म्हणते. उद्यापासून पुन्हा साठ."

तिचे हे वाक्य वाचल्यावर मला कळले की थोरलीशी नीट बोलायचे म्हणजे काय करायचे. मी तिची चौकशी करणार होते, तिला समजून घेणार होते, तिच्या मैत्रिणीबद्दल हळुवारपणे विचारणार होते. पण चूक तिची नव्हती. दुरुस्ती माझ्या वहीत करायची होती.

पुढच्या रविवारी तुम्ही फोन केलात. मी तुमच्या आईला म्हणाले, "आज आधी थोरलीला दे, आणि खोलीत जाऊ दे." ती आली. भिंतीला टेकून बसली, नजर बाजूला.

"मला तुला एक सांगायचं आहे," मी म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी तू मला मैत्रिणीबद्दल सांगितलंस. मी ते विसरले. नंतर तुझ्या आईसमोर विचारलं. तू सांगितलेलं मला आठवत नव्हतं, कारण त्या दिवशी मी दारू घेतली होती. रोजच घेत होते."

'दारू' हा शब्द मी माझ्या बाबतीत पहिल्यांदा वापरला. आधी तो फक्त इतरांसाठी वापरला होता.

तिने नजर पडद्याकडे वळवली. मग तिने विचारले, "किती?"

"तेव्हा चार मापं. आता दोन."

"माप म्हणजे केवढं?"

मी ते प्लॅस्टिकचे माप पडद्यापुढे धरले. तिने जवळ येऊन रेघा पाहिल्या. "मला वाटलं," ती म्हणाली, "तुला कंटाळा आला होता. मी खूप वेळ बोलले म्हणून."

एवढे दिवस ती हे घेऊन शाळेत जात होती. मी म्हणाले, "नाही गं. तुझ्या बोलण्याचा काहीच दोष नव्हता."

"आईला माहीत आहे?"

"उद्या मी सांगणार आहे. माझं मी सांगेन. तुझं तू."

तिने थोडा विचार केला. "मग मी आता परत सांगते. पण लिहायचं नाही. डायरी बंद कर."

मी डायरी बंद केली आणि ती दिसेल अशी पडद्यासमोर ठेवली. तिने सगळे पहिल्यापासून सांगितले: कोण कुठल्या बाकावर बसते, कोण काय बोलले, ती डबा कुठे जाऊन खाते. ते मी इथे लिहीत नाही. मैत्रिणीचे प्रकरण पुढे मिटले आणि तुमच्या आईलाही तिने ते तिच्या वेळेने सांगितले, एवढे पुरे.

आज मी पंधरावर आहे, काही दिवस शून्यावर. डॉक्टर म्हणते, शून्यच ठेवा. मी त्या वाटेवर आहे, पोचले असे म्हणत नाही. डायरीत आता "औषध" लिहीत नाही. "ब्रँडी" लिहिते आणि पुढे मिलिलिटर. सातला कडी वाजते, आम्ही दोघी चालतो, मागे मोटरसायकल. बाईचा नवरा म्हणतो, पेट्रोल वाया जातंय, पण येतो.

आणि डायरी बंद केली त्या रविवारनंतरच्या रविवारी काय झाले, ते थोरलीला माहीत आहे, धाकट्याला नाही. ती पडद्यावर आली, हाताची घडी घातली, आणि तिने मला विचारले, "आजी, मागच्या वेळी मी तुला काय सांगितलं होतं? डायरी न बघता."

मी सरळ बसले. आणि पहिल्या बाकापासून सांगायला सुरुवात केली.